मागचा दिवा त्याला दिसला कुठून

गाडी थांबवणारा पोलीस आमच्या समोर उभा होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण माझं सगळं भांडण त्यावरच आहे. दुपार कलत होती, सौदीतल्या हाइलचं ऊन डोळ्यांत घुसत होतं, आम्ही त्याच्याकडे तोंड करून येत होतो आणि त्याने हात वर करून आम्हाला कडेला घेतलं. काच खाली केल्यावर म्हणाला, मागचा डावा दिवा लागत नाही. आता मला सांगा, समोर उभ्या असलेल्या माणसाला मागचा दिवा दिसला कुठून?

नवरा गाडीत नव्हता, तरी म्हणतो, मागे कोणीतरी दुसरा असेल, त्याने वायरलेसवर कळवलं असेल. असेल बाई, सगळं असेल. आमच्या पुढे एक भलीमोठी नवी जीप होती, नंबर प्लेटवर मातीचा थर, आत दोन तरुण पोरं, पट्टा एकानेही लावलेला नाही. त्यांना सलाम आणि "यल्ला", म्हणजे निघा. त्यांच्याबद्दल कोणी काही कळवलं नव्हतं वाटतं.

मी इथल्या एका इस्पितळात लॅबमध्ये आहे. नवरा तिथेच भूलतज्ज्ञ. आमच्या ड्यूट्या कधी जुळत नाहीत आणि इथल्या रस्त्यांवर गाडी चालवायची माझी छाती नाही, म्हणून मला ने-आण करायला चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले, पन्नाशी ओलांडलेले. परक्या मुलखात सकाळी सकाळी कोणीतरी "काय गो बाय, आज डबा नाय घेतलास?" असं विचारतं, याची किंमत घरी बसलेल्यांना कळायची नाही. माझी स्वतःची मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते. मराठीत मला ओरडणारे हाइलमध्ये एवढे एकच होते.

चाचांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता शेतमजूर. शहराबाहेर गव्हाची शेती असलेल्या एका कफिलाच्या नावावर ते आले होते. कफील म्हणजे ज्याच्या भरवशावर तुम्ही या देशात राहता तो मालक. सुरुवातीला त्यांनी त्याच्या शेतावर पाण्याचे पंप सांभाळले. पुढे कफीलच म्हणाला, बाहेर काय हवं ते कर, मला माझा वाटा दे. मग चाचांनी गाडी घेतली आणि आमच्यासारख्यांना ने-आण करू लागले. असं इथे कितीतरी जण करतात. ते सगळ्यांना माहीत असतं, आणि कोणी पकडेपर्यंत त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

त्या दिवशी चाचांचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांची बायको उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, येणार होती. गावातल्या बायकांचा जथा निघाला होता, त्यात हिचं नाव लागलं होतं. आधी मक्का, मग मदिना. मदिनेला चाचा गाडी घेऊन जाणार आणि तिला भेटणार. इतक्या वर्षांत ते सुट्टीवर गावी जायचे, ती इथे कधी आलीच नव्हती. तिथल्या हॉटेलात कामाला असलेल्या एका गाववाल्याला सांगून त्यांनी खोलीसुद्धा ठरवली होती. "बाय, तिला वाटतं मी इथं ऑफिसात बसतो. आता बघेल गाडी, म्हणेल ड्रायव्हर होतात व्हय तुमी," असं म्हणून स्वतःच हसत होते. हसता हसताच ब्रेक दाबला, कारण समोर हात वर झाला होता.

रुख्सा, इस्तिमारा, इकामा. लायसन, गाडीचं पुस्तक, परवाना. चाचांनी तिन्ही दिली. पोलीस विशीतला, देखणा, परफ्यूमचा घमघमाट. दिव्याचं बोलणं तिथेच संपलं. तो मागे जाऊन दिवा बघेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! त्याने विचारलं, ही कोण? कुठून आणलीस? पैसे घेतोस? चाचा म्हणाले, नाही, ओळखीची आहे, डॉक्टरांची बायको. तो म्हणाला, डिकी उघड.

डिकीत माझा डबा होता.

दिवाळी होती. इथे दिवाळीची सुट्टी नसते, पण फराळ असतो. सुट्टीवरून परतलेल्या एका डॉक्टरांच्या सामानातून सासूबाईंनी चकली, करंजी आणि अनारसे पाठवले होते. अनारसे सकाळी लॅबमध्ये नेले. केरळच्या, फिलिपिन्सच्या, सगळ्यांनी खाल्ले. आमची इथलीच सुपरवायझर बाई दोन खाऊन म्हणाली, तुझ्या सासूला माझा सलाम सांग. उरलेले परत घरी चालले होते.

पोलिसाने डबा पुढे आणून बॉनेटवर ठेवला, झाकण काढलं, एक अनारसा उचलला, उलटा केला, आणि अंगठ्याच्या नखाने त्यावरचे पांढरे दाणे खरवडले. मग चाचांकडे बघून एकच शब्द म्हणाला, "खशखाश?"



खसखस इथे चालत नाही. अफूच्या झाडाचं बी, म्हणून अमली पदार्थांच्या खात्यात जमा. हे इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पहिल्या दिवशी सांगतात. आम्हीही येताना मसाल्याचे डबे उलथेपालथे करून शोधतो, खसखशीची पुडी काढून टाकतो. पण अनारसा बघून खसखस कोणाला आठवते? वाण्याकडून पुडीत येते ती खसखस. अनारशावर असतो तो अनारसा. सासूबाईंना सुचलं नाही, आणणाऱ्या डॉक्टरांना सुचलं नाही, आणि आयुष्य लॅबमध्ये घालवलेल्या मलाही सुचलं नाही. आमच्यापैकी एकीलाही ते सुचलं नसतं, लिहून देते.

मी गाडीतून उतरले. माझं अरबी दवाखान्याचं आहे: कुठे दुखतंय, काही खाल्लंय का, हात पुढे करा. तेवढ्या भांडवलावर मी ओरडायला लागले. डबा माझा आहे. गोड पदार्थ आहे. आमची ईद आहे. मी खाऊन दाखवते. आणि खरंच एक उचलून तोंडात घातला.  पोलिसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी कोणाची? ह्याची. मग डिकीतलं सगळं ह्याचं. चाचा मला खुणावत होते, गप बस गो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तरी ते मलाच सांभाळत होते.

ठाण्यात नवरा आला. तिथला अधिकारी वयस्क, चांगला सभ्य माणूस. त्याने नवऱ्याला ओळखलं. याच डॉक्टरांनी त्याच्या आईला ऑपरेशनच्या वेळी भूल दिली होती. मग काय विचारता! गहवा, म्हणजे इथली कॉफी, आला; खजूर आले. त्याने डबा बघितला आणि हसला. म्हणाला, डॉक्टर, हे मिठाईचं दुकान घरी घेऊन जा, पुन्हा असं काही आणू नका. झालं. मघाशी जो अमली पदार्थ होता तो डॉक्टरांच्या बायकोचा म्हटल्याबरोबर फराळ झाला.

मला वाटलं, सुटलो. मी चाचांकडे वळले आणि म्हटलं, चला. अधिकारी म्हणाला, हे थांबतील.

कारण इकामा अजून टेबलावरच होता. शेतमजूर शहरात गाडी कशी चालवतो? भाड्याने माणसं कशी नेतो? कफिलाला फोन लावला. तो कफील, ज्याचं घर चाचांच्या हप्त्यांवर चाललं होतं, तो फोनवर काय म्हणाला असेल? म्हणाला, हा माणूस माझ्या शेतावरून कधीच पळालाय, मीच तक्रार करणार होतो. मेल्याची जीभ झडली नाही. चाचांनी एकदाही त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं नाही. उघडून तरी ऐकणार कोण होतं?

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "कायदा तर मोडलाच होता ना त्यांनी."

"मोडला होता," मी म्हटलं. "पण दिव्यासाठी थांबवलं होतं ना? दिवा कोणी बघितला?"

"अगं, थांबवल्यावर जे सापडतं ते सापडतं."

"सापडतं नाही, शोधतात. आणि शोधतात कोणाला, तेही आधीच ठरलेलं असतं."

"तूच म्हणायचीस, अजून जास्त गाड्या अडवायला पाहिजेत म्हणून."

खरं होतं ते. लॅबमध्ये माझ्यासमोर रोज नमुने येतात. गोळ्या खाऊन बेभान झालेली पोरं, डोळे तारवटलेले, आई बाहेर बाकावर रडतेय. त्यातली कितीतरी अशाच नाक्यांवर पकडलेली असतात. एका मुलाला अडवलं नसतं तर तो त्या वेगात कुठल्यातरी कुटुंबावर गाडी घालून मोकळा झाला असता. तेव्हा मी म्हणायची, बरं झालं बाई अडवलं. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. माझा राग अडवण्यावर नाहीच. गोळ्या शोधायच्या तर गोळ्या म्हणा, इकामा बघायचा तर इकामा म्हणा. दिव्याचं नाव कशाला पुढे करता? आणि त्या जीपची डिकी का नाही उघडत? तिच्यात काय होतं ते मला माहीत नाही. त्यांनाही नाही, कारण बघितलंच नाही.

नवरा म्हणाला, आपण परदेशात आहोत. हे वाक्य त्याच्याकडे कायम तयार असतं.  घरी पोचल्यावर डबा मी तसाच कचऱ्याच्या पिशवीत टाकला. सासूबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही.

चाचांना तरहीलला नेलं. तरहील म्हणजे परत पाठवायच्या लोकांना ठेवतात ती जागा. आम्ही धडपड केली, नाही असं नाही. नवरा त्या अधिकाऱ्याला पुन्हा भेटला. गहवा पुन्हा आला. पण आता कागद वर गेलेत, माझ्या हातात नाही, एवढंच उत्तर मिळालं. बोटांचे ठसे झाले की या देशात पुन्हा कामाला येता येत नाही. तिकडे बायकांचा जथा विमानात बसला. मक्केला पोचला. चाचा अजून तरहीलमध्येच होते, कसल्यातरी सहीसाठी अडकलेले. बायको आणि नवरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा या एका देशात होते, आणि भेट होणार नव्हती.

तिथून एकदा त्यांचा फोन आला, कोणाच्यातरी मोबाइलवरून. "बाय, तिला सांग मला काम निघालं. लांब गेलोय रास तनुऱ्याला, सुट्टी नाय मिळाली. दुसरं काय सांगू नको."

"चाचा, खोटं कशाला? तुम्ही काय चोरी केलीय?"

"सांग गो तेवढं. ती जथ्यात हाय, बायका असतात, गावभर होईल." आणि फोन तुटला.

मी दोन दिवस विचार केला. मला ते खोटं बोलवेना. वाटलं, का म्हणून लपवायचं? या माणसाने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही, मग तोंड काळं केल्यासारखं का लपायचं? तिला खरं कळलं तर ती रागावेल, रडेल, पण राग कोणावर धरायचा ते तरी तिला समजेल. खोटं सांगितलं तर बिचारी समजेल, नवऱ्याला भेटायचंच नव्हतं. म्हणून जथा मदिनेला पोचल्यावर मी चाचांनी दिलेल्या नंबरावर फोन केला आणि सगळं सांगितलं. दिवा, डबा, अनारसे, कफील, तरहील. एकेक गोष्ट जशी घडली तशी.

 तिच्या मागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती, कोणीतरी विचारत होतं, कोणाचा फोन गो, घरवाल्याचा काय?

मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे पोलिसांनी धरलंय त्यांना."

"धरलंय, पण त्यांनी काही केलेलं नाही ताई. मी होते ना तिथे."

"दिवा लागत नव्हता म्हणून माणसाला देशाबाहेर काढतात?"

मी म्हटलं, दिव्यासाठी नाही हो, दिवा नुसतं निमित्त होतं. आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं की हे किती खोटं वाटतंय. चाचांचं खोटं किती साधं होतं. काम निघालं, सुट्टी नाही. कोणीही विश्वास ठेवला असता.

"तुमी त्यांच्या बाजूच्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुमी चांगल्या हायत, तुमी नाय सांगणार. मला काय ते समजलं."

"अहो ताई, खरंच काही नाही केलं त्यांनी!" मी जवळजवळ किंचाळले.

"असू दे," ती म्हणाली. "उद्या आमाला पैगंबरसाहेबांच्या रौज्यावर नेणार हायत. त्यांनी जे काय केलं असेल त्याची मी माफी मागीन."