ताईचे तीस हप्ते

गेल्या वर्षी आषाढ संपता संपता, एका सोमवारी दुपारी, मी वाशीममधल्या एका बँकेत माझ्या नावावरचं वैयक्तिक कर्ज मुदतीच्या तीन वर्षं आधी बंद केलं. उरलेलं मुद्दल आणि मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क मिळून दोन लाख दहा हजार रुपये भरले. पैसे माझे होते. कर्ज मात्र माझ्यासाठी काढलेलं नव्हतं.

ते ताईचं होतं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, इंझोरीला दिलेली. भाऊजींचं तिथे बिछायत केंद्र आहे. लग्नकार्याला मांडव, गाद्या, खुर्च्या आणि मोठी भांडी ते भाड्याने देतात. कर्ज बंद केलं त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना नव्या खुर्च्या आणि जनरेटर घ्यायचा होता. धंदा सगळा रोखीचा, उत्पन्नाचा कागद एकही नाही, त्यामुळे बँकेने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. माझ्याकडे पगाराची स्लिप होती. कर्ज माझ्या नावावर निघालं. तीन लाख रुपये, पाच वर्षं मुदत, हप्ता सात हजारांच्या आसपास.

हप्ता पाच तारखेला कापला जायचा. ताईचे पैसे त्याच्या आधीच माझ्या खात्यात यायचे आणि पाठोपाठ तिचा फोन.

"आले का? मेसेज आला का बँकेचा? पाहून सांग मले."

"आले ताई."

"बँकेचं काम हाये. एक दिवस मागं-पुढं झालं त फोनावर फोन करतेत म्हनतेत ते."

दोन वर्षांत तिने एकही हप्ता चुकवला नाही. हे मी माझ्या पासबुकावरून सांगू शकतो.

मग आमचं जिल्हा कार्यालय बंद झालं. भविष्य निर्वाह निधी आणि बाकीचं मिळून काही रक्कम हातात आली. पगार थांबला. मुलगी अकोल्याला कॉलेजात होती, वसतिगृहात राहत होती. हिशोब बायकोने मांडला. हे पैसे ठेवीत ठेवले तर व्याज सात टक्के मिळणार. ताईच्या कर्जावर बँक चौदा टक्के घेत होती. कर्ज आताच फेडलं, तर शुल्क जाऊनही व्याजाचे चाळीस हजारांच्या आसपास वाचत होते. ताईने तोच हप्ता बँकेऐवजी आम्हाला द्यायचा. तीन वर्षांत फिटायचं ते तीस महिन्यांत फिटेल. तिचे सहा हप्ते कमी होतील. आम्हाला दर महिन्याला सात हजार मिळत राहतील, त्यातून वसतिगृहाची फी जाईल. या व्यवहारात तोटा झालाच तर बँकेचा होता.

मी ताईला फोन केला.

"म्हंजे बँक मंधातून गेली?" तिने विचारलं.

"गेली. आता पैसे मले दे. व्याज नाई. पोरीची होस्टेलची फी त्याच्यातूनच जानार हाये."

"सहा हप्ते कमी?"

"सहा कमी."

"बरं झालं बाप्पा. भाऊ असावा त असा."

बँकेतल्या अधिकाऱ्याला हा निर्णय पटला नव्हता. "चालू द्या ना साहेब, तुमचा हप्ता तर घड्याळासारखा येतो," तो म्हणाला. मी नाही म्हटल्यावर त्याने कागद पुढे केले. "बुडवणारे आम्हाला समजतात. आधीच भरणारे नाही समजत." तो हसला. मीही हसलो. थकबाकी नसल्याचा दाखला आठवड्याभरात मिळाला.

ऑगस्टचे सात हजार आले. सप्टेंबरचेही आले, महिना संपताना. पण "आले का?" असा फोन दोन्ही महिन्यांत आला नाही. फरक तेव्हाच पडला होता. मला तो उशिरा दिसला.

ऑक्टोबरमध्ये पैसे आले नाहीत. मी विचारलं. "सध्या मांडव गोदामात पडून हाये. लग्नाचा हंगाम लागू दे," ताई म्हणाली. हे खरं होतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत बिछायतवाल्याला काम नसतं. मागच्या दोन वर्षांतही ऑक्टोबर आला होता आणि तेव्हाही मांडव गोदामातच होता, हे मी तिला बोललो नाही.

भाऊबीजेला आम्ही तिघं इंझोरीला गेलो. ताईने पाटावर बसवून ओवाळलं. मी ताटात पाचशेची नोट टाकली. तिने ती उचलली आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत घातली.

"राहू दे. यंदाची ओवायनी झाली तुही."

मी हसलो. नोकरी गेलेल्या भावाकडून ती पैसे घेत नाही, असा मी अर्थ लावला. परतताना बसमध्ये बायकोही तेच म्हणाली. "ताईंनी बरोब्बर ओळखलं," असे तिचे शब्द होते.

डिसेंबरमध्ये मानोऱ्याला नात्यातलं लग्न होतं. मांडव भाऊजींचा होता. जेवणं आटोपल्यावर मी मामाशेजारी खुर्चीवर बसलो होतो. मामा पान जुळवत होता.

"काय गा बापू, दोन लाखाची ओवायनी टाकली म्हनते ताटात! आमच्या टायमाले भाऊ लुगडं नेसवे अन् बहीन गावभर दाखवे."

"कोन म्हनते?"

"कोन म्हनते काय? तुही बहीनच सांगते साऱ्याईले. तू बसला ना, ते खुर्चीबी दाखोली तिनं. म्हने, हे माह्या भावाची. कर्ज फेडून टाकलं त्यानं माह्यं, भाऊबीजेले."

पलीकडून मामी म्हणाली, "अन् तेबी नोकरी गेल्यावर. मन लागते बाप्पा तेवढं."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मामाने पान माझ्या हातात ठेवलं. मी ते खाल्लं. नंतर मांडवातच एका चुलत बहिणीला विचारून खात्री केली. तिला हे ताईने भाऊबीजेच्या संध्याकाळीच फोनवर सांगितलं होतं. म्हणजे आम्ही इंझोरीहून निघून घरी पोचण्याच्या सुमारास.

नवरी सासरी गेली. मांडव सोडायचं काम सुरू झालं. ताई मांडवाच्या मागच्या बाजूला खुर्च्या एकात एक रचत होती. मी तिथे गेलो.

"ताई, मामा काय म्हनून राह्यला?"

"काय म्हनून राह्यला?"

"म्या तुले ओवायनी देल्ली म्हनते. दोन लाखाची."

ती थांबली नाही. "मंग? भाऊबीजेले तुही नोट वापस नाई केली म्या? यंदाची झाली असं बोलली नाई? तू हासला."

"मले वाटलं, नोकरी गेली म्हनून घेत नाईस."

"पाचशे कायले सोडीन मी?"

"आपलं ठरलं होतं ताई. तोच हप्ता तू मले देनार होतीस."

"ठरलं होतं." तिने पदराने एक खुर्ची पुसली. "बँक होती तवा तुह्या भाऊजीच्या खिशातून पैसे निघत. बँकवाले दारात येतीन, गावात नाक जाईन, हे त्याईले समजे. आता काय सांगू? भाऊ जप्ती आनते म्हनू?" ती हसली. "आनतं का जप्ती, सांग?"

"पोरीची फी त्याच्यातून जानार होती."

"हे आमाले सांगाचं होतं पह्यले. आमाले वाटलं, तुह्याजवळ हाये. ज्याच्याजवळ नाई तो मुदतीच्या आंधी कायले फेडीन?"

मी आषाढात फोनवर काय बोललो होतो, ते पुन्हा सांगितलं. तिला ते आठवत नव्हतं. सहा हप्ते कमी होणार होते, ते आठवत होतं.

"साऱ्या नात्यात तुहं नाव झालं," ती म्हणाली. "अन् आता तू मांग म्हन, मले खोटी पाड. माहेर म्हनून मले तूच हायेस."

भाऊजी जनरेटरजवळ उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळायला वळले. पैसे ओवाळणीत धरायचं ताईने ठरवलं की भाऊजींनी, याची खात्री मला आजवर करता आलेली नाही. मी दोघांनाही एकेकदा विचारलं. ताई म्हणाली, ते ठरवतात. भाऊजी म्हणाले, "तुमा बहीन-भावाच्या मंधात मी कायले पडू?"

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. लिहून काही घेतलं होतं का? नाही. मामाला तिथल्या तिथे सांगता आलं नसतं का? मामाचं पान मी खाल्लं होतं. ती म्हणाली, "आता सांगून उपयोग नाही. ओवाळणी परत मागितली असंच होईल." हिशोब तिचा होता, ही आठवण मी तिला कधीही करून दिली नाही. तिने स्वतःच एकदा करून दिली, भाजी निवडताना. बँकेचा हप्ता चालू ठेवला असता तर चाळीस हजार व्याजात गेले असते, पण उरलेले सगळे हप्ते ताईने भरले असते. व्याज वाचलं, हे खरं आहे.

दुसऱ्या सत्रापासून मुलीने वसतिगृह सोडलं. ती आता वाशीमहून रेल्वेने जाऊन-येऊन करते. गाडीला उशीर झाला तर पहिला तास बुडतो. आत्याबद्दल ती काही बोलत नाही. आत्याचा फोन आला की मोबाइल आईच्या हातात देते.

तीसपैकी दोनच हप्ते आले.

यंदाच्या भाऊबीजेला मी एकटा इंझोरीला गेलो. ताईने ओवाळलं. मी ताटात पाचशेची नोट टाकली. तिने ती उचलून ब्लाउजमध्ये ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.

अंगणात एक टेम्पो उभा होता. जुना होता, पण रंग नवा. काचेवर पुढे झेंडूची माळ होती. बिछायतीचं सामान न्यायला तो उन्हाळ्यात घेतल्याचं भाऊजींनी सांगितलं. गाडी तारण ठेवून एका पतसंस्थेने कर्ज दिलं, हेही त्यांनीच सांगितलं. हप्ता किती, ते मी विचारलं नाही. वेळेवर जातो का, एवढंच विचारलं.

"पतसंस्थेचं काम हाये," भाऊजी म्हणाले. "एकबी चुकू देल्ला नाई."