बंद खोलीतली शेगडी

परळच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आई आणि मी लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. शेजारच्या दोन खोल्यांत मालवणकडचं बिऱ्हाड होतं. गिरणीत काम करणारा माझ्याच वयाचा मुलगा, त्याची बायको आणि त्याची आई. त्याच्या आईला सगळी चाळ काकी म्हणायची, त्याच्या बायकोला मी वहिनी. वहिनी पहिलटकरीण होत्या. मुलगा झाल्याला आठ दिवस झाले होते आणि बारशाची तयारी चालली होती.

संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रोज रस्त्यावर उतरत होती. त्या दिवशी हरताळ होता, त्यामुळे शाळा आणि गिरण्या दोन्ही बंद. वहिनींचा नवरा सकाळीच मोर्चाला गेला होता. मी गॅलरीत वह्या तपासत बसलो होतो. काकींनी बाळंतिणीच्या शेकासाठी लोणारी कोळशाची शेगडी नेहमीसारखी गॅलरीत पेटवली होती. कोळसे पुरते लाल झाल्याशिवाय ती आत न्यायची नाही, एवढं त्या पाळायच्या. कारण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, त्यांच्या आईपासून चालत आलेलं असावं.

दुपारी दीडच्या सुमाराला नाक्यावर गडबड झाली आणि अश्रुधुराची नळकांडी फुटायला लागली. एक तर आमच्या चाळीच्या पायऱ्यांपाशीच पडलं. खालून धूर वर आला तशी सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटींत ओली फडकी कोंबली. काकींनी शेगडी उचलली आणि आत नेली. कोळसे अजून अर्धे काळे होते, त्यांच्यावर बारीक निळ्या ज्वाळा हलत होत्या. ते मी पाहिलं. डोळे चुरचुरत होते, म्हणून मीही वह्या उचलून घरात आलो आणि दार लावलं.

डोळ्यांवर पाणी मारताना मला त्या ज्वाळा आठवल्या. आठवड्यापूर्वीच मी आठवीच्या वर्गात ज्वलनाचा धडा शिकवला होता. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर तो पूर्ण जळतो. हवा कमी पडली तर जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. निखाऱ्यावर निळी ज्वाळा दिसते ती हाच वायू जळतानाची. मोकळ्यावर तो जळून, उडून जातो. बंद खोलीत तो श्वासातून रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा धरून बसतो. फळ्यावर मी हे सुबक अक्षरात लिहून दिलं होतं.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायचीच असते, तुझ्या वेळी मलाही ठेवली होती. मला तिचं पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. थोडा वेळ तसाच गेला. मग मी जाऊन शेजारचं दार वाजवलं.

काकींनी दार बोटभर उघडलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. डोकं चढलंय म्हणाल्या. मी घाईघाईने म्हटलं, शेगडी बाहेर काढा, आतली खिडकी उघडा, कोळशाचा वायू वाईट असतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून गॅलरीतल्या धुराकडे पाहिलं.

"खिडकी उघडून ह्यो धूर पोराच्या नाकात घालू?"

मी म्हटलं, मग मी आत येऊन शेगडी तरी उचलतो.

"बाळंतिणीच्या खोलीत बापयांनी येवचा नसता," त्या म्हणाल्या. रागावून नाही, समजावून. आणि दार लागलं.

मी तिथे उभा राहिलो. दाराला जोर लावला असता तर त्या म्हाताऱ्या बाईच्याने ते धरवलं नसतं. पण शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत घुसायचं, तेही पुस्तकातल्या चार ओळींच्या जोरावर? माझी चूक निघाली असती तर चाळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी हाच विचार केला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी परत आलो आणि आईच्या मागे लागलो की तू जा, तुला कोणी अडवणार नाही. ती कुरकुरत पदर नाकाला लावून गेली. ह्या सगळ्यात किती वेळ गेला ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

मग आईने मला हाक मारली. तसल्या आवाजात तिने मला आधी कधी हाक मारली नव्हती.

काकी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून ओकत होत्या. आत वहिनी बाजेवर निपचित पडल्या होत्या, गाल चांगले लालसर. बघणाऱ्याला वाटावं, तब्येत सुधारतेय. बाळ कुशीत होतं. मी शेगडी उचलून गॅलरीत फेकली, खिडकी ढकलली, वहिनींना खांद्याला धरून ओढत दारापर्यंत आणलं. आईने बाळाला घेतलं. ती त्याला हलवत राहिली, त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारत राहिली.

आरडाओरडा ऐकून मजल्यावरचे तिघे धावत आले आणि आम्ही चौघांनी वहिनींना चादरीच्या झोळीत घालून खाली नेलं. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. मी मराठी, हिंदी, इंग्रजी, जे सुचेल त्यात सांगत होतो. त्यांना आधी वाटलं, मोर्चातलं कोणी जखमी आहे. आई बाळ घेऊन मागे उभी होती, ते त्यांनी पाहिलं आणि वाट दिली.

इस्पितळात वहिनींना प्राणवायू लावला. संध्याकाळी त्या शुद्धीवर आल्या. बाळाला तिथल्या डॉक्टरांनी हातात घेतलं आणि लगेच परत आईकडे दिलं.

सुतक फिटल्यावर एका सकाळी काकी आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"तुका म्हायत होता," त्या म्हणाल्या. "मगे माका ढकलून आत कित्याक नाय इलंस?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

वहिनी काही महिने गावी जाऊन परत आल्या. बोलताना मध्येच अडायच्या, हातातलं काम विसरायच्या. एकदा मी शाळेला निघालो असताना त्यांनी गॅलरीत मला थांबवलं.

"भावोजी, त्या वायूला वास असतो?"

"नाही."

"रंग?"

"नाही."

"मग मी जागी असते तर मला कळलं असतं?"

मी म्हटलं, नसतं कळलं. ते खरंही होतं. त्यांनी मान हलवली आणि कठड्यावरचे कपडे गोळा करायला लागल्या. मला उशीर होत होता, तरी मी त्यांचे कपडे गोळा होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.