पेरूच्या फांदीचा बत्ता

दुबईत अल बर्शाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते ती बाई साधारण माझ्याच वयाची. दक्षिण चीनमधली, हक्का समाजाची. तिनं तसं सांगितलं तेव्हा माझ्या आईनं मला सरळ विचारलं, "नूडल्सवाले का?" मी भीतभीतच ते इंग्रजीत विचारलं. शेजारीण हसली. तसल्या नूडल्स आमच्या घरी कुणी करत नाही, म्हणाली. हक्का म्हणजे माणसं, त्यांची बोली, त्यांची गावं.

आई हिवाळ्यात कुडाळहून माझ्याकडे आली, त्याच सुमारास शेजारणीची आईही आली. तिचे यजमान नुकतेच वारले होते. ती फारशी घराबाहेर पडत नसे. लिफ्टपाशी भेटल्या की दोघी म्हाताऱ्या मान हलवून हसत, तेवढीच ओळख. म्हणून एका शनिवारी आम्ही लेकी त्यांना घेऊन बागेत गेलो. तिथं जुनी अरबी घरं जपून ठेवली आहेत. काही समुद्री दगडांची, काही खजुराच्या झावळ्यांची. आत गर्दी नसते. झावळ्यांचा कूड बघून आईनं हात फिरवला आणि आमची माडाची चुडतं यापेक्षा घट्ट विणतात, असं बजावलं.

एका घरात चटईवर कॉफी कुटायचा पितळी खलबत्ता मांडला होता. शेजारणीची आई, म्हणजे चिनी आजी, वाकल्या, त्यांनी बत्ता उचलला आणि रिकाम्या खलात गोल गोल फिरवायला लागल्या. कुटत नव्हत्या, घोटत होत्या. गार्ड आला, हात लावू नका म्हणाला, तेही हळूच. आजींनी बत्ता ठेवला, बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या आणि रडू लागल्या. माझी आई काही न विचारता त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

मग शेजारणीनं सगळं सांगितलं. त्यांच्या गावाभोवती शहर वाढलं, उंच टॉवर आले. गावकऱ्यांना फ्लॅट मिळाले, आणि मधली जुनी घरं, समोरचं अर्धगोल तळं तसंच ठेवून भोवती बाग केली. त्या जुन्या घरांत मांडायला अधिकाऱ्यांनी जुन्या वस्तू मागितल्या. आजींनी सासूचं मातीचं वाडगं दिलं, आतून रेघारेघांचं. त्यात चहाची पानं, तीळ, शेंगदाणे घोटून त्यांच्याकडे चहा करतात. फ्लॅटमध्ये मिक्सर होता, वाडगं कशाला हवं, असं तेव्हा वाटलं. पुढे नवरा-बायको रोज संध्याकाळी त्या बागेत फिरायला जात आणि काचेतून ते बघत.

"परत का नाही मागितलं?" आईनं मला विचारायला लावलं.

दिलेली वस्तू परत मागत नाहीत, असं उत्तर आलं.

"मग दुसरं घ्यायचं," आई म्हणाली. हे मी इंग्रजीत सांगितलंच नाही. त्या क्षणी ते फार कोरडं वाटलं असतं. पण आईनं आजींचा हात धरलेला होता, आणि परत निघेपर्यंत तो सोडला नाही.

गाडीत शेजारीण म्हणाली, वाडगं इथल्या चिनी बाजारात मिळेल, पण घोटायचा दांडा पेरूच्या लाकडाचाच लागतो, तो कुठून आणायचा? मी ते आईला सांगितलं.

मार्चमध्ये आई गावी गेली आणि दिवाळीनंतर परत आली; आजी लेकीकडेच राहिल्या होत्या. सामानात नऊवारीत गुंडाळलेली पेरूची फांदी होती, हातभर लांब, साल काढून गुळगुळीत केलेली. मामेभावाकडून तोडून घेतली म्हणे. विमानतळावर विचारलं असतं तर लाटणं म्हणून सांगणार होती.

त्या रविवारी आजींनी आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून चिनी बाजारातून आणलेलं वाडगं गुडघ्यांत धरलं आणि त्या फांदीनं चहा घोटला. पहिला घोट घेऊन आई म्हणाली, "चहा म्हणून नको, सार म्हणून चालेल." हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. आजी हसल्या.

आता बहुतेक रविवारी हे चालतं. आजींचं मनगट लवकर दुखतं, मग आई घोटायला बसते. तिचा हात उलटा फिरला की आजी तो धरून सुलटा फिरवतात. आई मालवणीत कुरकुरते, आजी हक्का बोलीत काही बोलतात. आम्हा दोघी लेकींना आता मध्ये भाषांतर करावं लागत नाही.