खिळ्यावरचे जोडे

सिनेमात माणूस चालतो तेव्हा आपल्याला ऐकू येणारी पावलं पुष्कळदा त्याची नसतातच. ती नंतर कुणीतरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत चालून दिलेली असतात. पावलंमावशींनी सारा जन्म हेच काम केलं. राणीची पावलं त्यांची, चोराची त्यांची, एकदा तर घोड्याचीही त्यांचीच. घोडा पडद्यावर ऐटीत दौडत होता आणि इकडे मावशी हातात दोन लाकडी वाट्या घेऊन फरशीवर फतकल मारून बसल्या होत्या. "माझ्याइतकी चाललेली बाई जगात नसेल, आणि पोचले कुठेच नाही," असं म्हणून त्या स्वतःच खो खो हसायच्या.

पण नाव झालं ते एका भुतामुळे.

भुताचा तो सिनेमा पहिल्यांदा निघाला तेव्हा मावशींचं लग्न नवंनवं होतं, मांडीवर तान्हा मुलगा होता. गोष्ट साधीच. घराचा मेलेला मालक रोज संध्याकाळी जिना चढून येतो. दिसत कधीच नाही, नुसता ऐकू येतो. आता पडद्यावर पाय असतील तर त्यांच्याबरोबर पाय टाकता येतात. पण जो दिसतच नाही त्याची चाल आणायची कुठून? मावशींनी ती घरून आणली. त्यांचे यजमान छापखान्यात कामाला होते. शिडीवरून पडून घोटा मोडल्यापासून डावा पाय ओढत चालायचे. धप्... सर्र. धप्... सर्र. मावशी शेवटच्या मजल्यावर राहायच्या, तिथवर दुसरं कुणी चढतच नसे, त्यामुळे रोज संध्याकाळी जिन्यात ती चाल ऐकू आली की त्या चहाचं आधण ठेवायच्या. त्यांनी यजमानांचे जुने जोडे गुपचूप पिशवीत घातले आणि स्टुडिओतल्या लाकडी पायऱ्यांवर नवऱ्याचं भूत चालवलं.

दिग्दर्शकाने एकच सांगितलं होतं. "शेवटची पायरी चढायची नाही. दाराशी येऊन थांबायचं. आत की बाहेर, हे लोकांना कळता कामा नये."

मावशी थांबल्या. थिएटरात लोकांची बोबडी वळली. आणि त्याच आठवड्यात यजमान छापखान्यातून निघाले ते घरी पोचलेच नाहीत. शोधाशोध झाली, पोलीस झाले, नदीकाठ झाला. माणूस नाही की माणसाची टोपी नाही.

मग एका संध्याकाळी मावशी बाळाला थोपटत होत्या, आणि जिन्यात वाजलं. धप्... सर्र. मावशी उठल्या, आधण ठेवलं, दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पावलं शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. दार उघडलं तर जिना रिकामा.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पावलं रोज येत राहिली. वर्षं गेली तशी पुसट होत गेली, शेवटी नुसती पायऱ्यांवर हवा सरकल्यासारखी. मग पहिल्या निर्मात्याच्या मुलाने तोच सिनेमा पुन्हा काढला, मावशी पुन्हा त्याच जोड्यांत चालल्या, आणि घरच्या जिन्यातली पावलं परत ठणठणीत झाली. तेव्हा कुठे मावशींच्या ध्यानात आलं. त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी त्या निर्मात्याच्या कचेरीत डोकवायच्या. "काय हो, आमचं भूत परत कधी काढताय?"

लोक म्हणायचे, बाईला कामाची हौस दांडगी.

यंदा पहिल्या निर्मात्याच्या नातवाने काढला. जुन्या कामाच्या माणसांना तो मान द्यायचा. मावशींनी विचारलं, "एवढी नवीन नवीन भुतं पडलीत, हेच कशाला पुन्हा पुन्हा?"

"मावशी, नव्या भुताची आधी ओळख करून द्यावी लागते. हे घरचं आहे," तो म्हणाला. "थिएटरात आई जिथे किंचाळली होती तिथेच मुलगी किंचाळते. आणि आई शेजारी बसून वाट बघते, पोरगी कधी किंचाळतेय याची. लोक घाबरायला येत नाहीत हो, भेटायला येतात."



"पुढच्या वेळी मात्र तुम्हाला त्रास नाही," तो पुढे म्हणाला. "तुमची पावलं मशीनमध्ये साठवून ठेवतोय. हवी तेव्हा काढायची."

म्हणजे हे शेवटचं. मावशींचे गुडघे गेले होते, जिन्यातली पावलं विरत चालली होती. आणि यजमान इतकी वर्षं दाराबाहेर उभे होते, कारण आपण त्यांना तिथवरच चालवलं, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. आज त्यांना आत आणलं नाही तर ते कायमचे बाहेर राहणार.

काचेपलीकडे आवाज टिपणारे कानसेन बसले होते. मावशींच्या बरोबरीचे, चष्मा कपाळावर, जीभ तिखट. "बाई, पडाल हं. भूत लंगडं चालेल, आडवं चालायचं नाही."

"तुम्ही कान सांभाळा, मी पाय सांभाळते."

दिवे मालवले. मावशींनी जोडे चढवले. धप्... सर्र. धप्... सर्र. शेवटच्या पायरीखाली त्या थांबल्या. नातवाने 'झालं' म्हणायला हात वर केला. तेवढ्यात मावशी वाकल्या. एक जोडा काढून ठेवला, मग दुसरा. टप्. टप्. यजमान घरात कधी जोडे घालून यायचे नाहीत. आणि अनवाणी पायाने त्या ती पायरी चढल्या.

"मावशी! भूत जोडे काढतं होय?" नातू ओरडला. "आपला सिनेमा त्या पायरीवर उभा आहे! पुन्हा घ्या."

 कानसेनांनी आवाज मागे नेऊन परत लावला. टप्. टप्. मग लाकडावर उघड्या तळव्याचा तो मऊ आवाज. नातवाच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, "राहू दे. हेच राहू दे."

स्टुडिओत एक नियम होता. ज्या जोड्यांत पात्र चालवलं ते सिनेमा लागेपर्यंत भिंतीवरच्या खिळ्यावरच राहायचे, घरी न्यायचे नाहीत. का, ते कुणी विचारत नसे. कानसेनांनी मावशींच्या देखत जोडे खिळ्यावर अडकवले आणि खोलीला कुलूप घातलं.

मावशी घरी आल्या. सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. उन्हं उतरत होती. जिन्यात वाजलं.

सुनेने मान वर केली. "आई, कोण येतंय? आपल्याकडे तर कुणी..."

आजवर सुनेला ते कधीच ऐकू आलं नव्हतं. मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. पावलं वर आली. थांबली. मग टप्. टप्. आणि मग दाराला लागून, उंबऱ्याच्या लाकडावर तळवा टेकल्यासारखं काहीतरी. सुनेच्या हातातली घडी सुटली.

मावशींनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. जोडे तेवढे होते, भिंतीला टेकून, टाचा बाहेरच्या बाजूला. यजमान ठेवायचे तसे.

त्यांनी ते उचलले. आतून अजून ऊब होती. इतक्यात फोन वाजला. पलीकडे कानसेन होते.

"बाई, हे बरं नाही केलंत. जोडे नेलेत घरी? आणि कुलूप तर मी लावलं होतं, उघडलंत कसं?"

"मी नाही आणले," मावशी म्हणाल्या.

 पलीकडून हलक्या आवाजात, "मग कोणी आणले?"

मावशींनी फोन ठेवला, दार लावलं, कडी घातली. आतल्या खोलीत फरशीवरून अनवाणी पाऊल ओढत गेलं आणि खाट करकरली. सून भिंतीला चिकटली होती.

"आई," तिने कसंबसं विचारलं, "आत कोण आहे?"

"हळू बोल," मावशी म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या. "आत्ताच आलेत. दमले असतील."