तेल तपासून सही करावी

नोकरीतल्या बऱ्याच चौकश्या विसरलो, पण ही एक काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. आमच्याच ठाण्याच्या गस्तीच्या मोटारसायकलचं तेल गळत होतं, एवढंच. पण त्या तेलापायी एका माणसाचा पाय मोडला आणि दुसऱ्याची नोकरी जायची वेळ आली.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख, म्हणजे एसएचओ होतो. गाव विदर्भातलं, पण संसार सगळा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मे महिन्यातल्या एका दुपारी गस्तीची गाडी चौकात वळताना घसरली. चालवत होता एक कॉन्स्टेबल, मागे होता हेड कॉन्स्टेबल. चालवणाऱ्याला नुसतं खरचटलं. मागच्याचा पाय गाडीखाली सापडला आणि मांडीचं हाड मोडलं. मी पोहोचलो तेव्हा मागचा टायर तेलानं चकचकत होता.

कॉन्स्टेबलला भरती होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अजून कच्च्या नोकरीत. अशा माणसाला घरी पाठवायला फार कागद लागत नाहीत. उपायुक्तांच्या कार्यालयानं माझ्याकडून सात दिवसांत अहवाल मागितला. दोष कोणाचा, ते स्पष्ट लिहावं, असा शेरा होता.

तिसऱ्या दिवशी एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. "जनाब, आपकी सरकारी गाड़ी एक्सीडेंट से दो दिन पहले फरीदाबाद में एक प्राइवेट मिस्त्री के यहाँ खड़ी थी."

कॉन्स्टेबल राहायला फरीदाबादलाच. परवानगीशिवाय गाडी हद्दीबाहेर नेणं ही एक चूक, आणि खासगी मिस्त्रीला सरकारी इंजिन उघडू देणं ही दुसरी. मिस्त्रीनं काहीतरी ढिलं ठेवलं असणार. मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं.

कॉन्स्टेबलला केबिनमध्ये समोर बसवलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. बहुतेक माणसांना ती शांतता सोसत नाही.

"गाड़ी फरीदाबाद ले गए थे?"

"नहीं जनाब."

मी समोरची फाइल चाळत राहिलो. पाच मिनिटं गेली असतील.

"ले गया था, जनाब. टायर पे तेल आ रहा था. सरकारी वर्कशॉप ने आठ दिन बाद की तारीख दी थी."

"मिस्त्री ने क्या खोला?"

"कुछ नहीं. हाथ भी नहीं लगाने दिया."

आता एवढ्या लांब गाडी न्यायची आणि मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही, हे कोणाला पटेल? मी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. शेवटच्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते. काहीतरी लपवतोय हे मी बरोबर ओळखलं. काय लपवतोय ते ओळखण्यात मात्र साफ चुकलो.

दुसऱ्या दिवशी रोजनामच्यात नोंद केली, गाडी टेंपोत चढवली आणि साध्या कपड्यांत फरीदाबाद गाठलं. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये त्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, काटक माणूस. मी हिंदीत सुरुवात केली, तेवढ्यात बायकोचा फोन आला. "डबा खाल्ला, हो. ठेवतो." एवढंच बोललो, तर मिस्त्री हसायलाच लागला.

"अच्छा, मराठी आहात होय साहेब? मी वाशीमचा. वीस वर्षं झाली इथं." मग गाडीकडे बघून म्हणाला, "वर्कशॉपवाले दिसताय. त्या पोलिसदादाला मी सांगितलं होतं. बिल्कुल सांगितलं होतं!"

"काय सांगितलं होतं?"

"सांगून काय, दाखवतोच."

त्यानं इंजिन रॉकेलनं धुतलं, कापडानं कोरडं केलं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. काळं इंजिन पांढरं झालं. मग गाडी सुरू करून ठेवली.

"थेंब जिथं पडतो तिथं गळती नसते साहेब," तो म्हणाला. "तेल वरून ओघळतं, वाऱ्यानं मागं जातं. पावडर पहिली कुठं ओली होते ते बघायचं."

मी स्टुलावर बसून इंजिनाच्या खालच्या नटकडे बघत होतो. तोच ढिला निघणार, अशी माझी खात्री होती. पाव तास झाला. नट कोरडा, सगळे जोड कोरडे. आणि मग मागच्या टायरच्या पुढ्यात टपकन एक थेंब पडला. तो एअर फिल्टरच्या डब्याखालच्या बारीक नळीतून आला होता. मिस्त्रीनं डबा उघडला तर आतला फिल्टर तेलात भिजलेला.

"इंजिन चांगलं आहे. तेल जास्त झालंय. जास्तीचं तेल वरच्या नळीतून या डब्यात ढकललं जातं आणि इथून टायरवर."

त्यानं गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून तेल मोजायची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं. जास्तीचं काढून त्यानं पातळी बरोबर खुणेवर आणली. मग गाडी साइड स्टँडवर तिरकी केली आणि पट्टी परत बुडवून माझ्यापुढे धरली. टोकाला जेमतेम तेल लागलं होतं.

"कोणीतरी गाडी तिरकी ठेवून तेल बघतंय यार. तिरकी गाडी कमीच दाखवणार. मग ओततायत."

"हे सगळं त्याला सांगितलं होतंत?"

"हेच! म्हटलं, जास्तीचं काढतो, दहा मिनिटांचं काम. तर हातच जोडले त्यानं. म्हणे, काढलं तर उद्या पट्टीवर कमी दिसेल, रजिस्टरमध्ये माझी सही आहे, आणि आमचे एसएचओ साहेब सोडायचे नाहीत."

ते साहेब त्याच्याच स्टुलावर बसले होते, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक!

जानेवारीत पाठलागाच्या ऐन वेळी एका गाडीचं इंजिन तेलाअभावी जाम झालं होतं. मी भडकलो आणि लेखी हुकूम काढला. प्रत्येक पाळी बदलताना तेल तपासावं, वरच्या खुणेपर्यंत भरावं, सही करावी. कमी आढळल्यास कारवाई. ठाण्याचं आवार जप्तीच्या गाड्यांनी भरलेलं, मधल्या स्टँडवर चढवायला जागाच नाही, म्हणून गस्तीच्या गाड्या कशाबशा साइड स्टँडवर उभ्या आणि तेलही तसंच बघायचं. दिवसाला तीन पाळ्या, तीन वेळा तेल, तीन सह्या. आणि दर सोमवारी त्या सगळ्यांखाली माझी सही.

मिस्त्रीनं नवा फिल्टर बसवला, डबा आणि नळी पुसून काढली, टायर साबणानं धुतला. वाकलेलं हँडल सरळ करून अर्धा तास गाडी फिरवून आणली. नळी कोरडी होती.

खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसलो तेव्हा एक चहा संपेपर्यंत माझ्या मनात पाप होतं. कॉन्स्टेबलनं गाडी विनापरवाना हद्दीबाहेर नेली, एवढंच लिहिलं असतं तरी ते खरंच होतं. पुढे कोणी विचारलं नसतं आणि तो घरी गेला असता. मला स्वतःची लाज वाटली. अपघाताचं कारण म्हणून मी माझ्या हुकमाचा क्रमांक लिहिला, रजिस्टरची पानं जोडली, आणि कॉन्स्टेबलला फक्त समज द्यावी, अशी शिफारस केली.

उपायुक्तांनी बोलावून विचारलं, "आप समझ रहे हैं, इसमें आपका क्या होगा?"

"जी सर."

माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. कॉन्स्टेबलची नोकरी राहिली.

मग हेड कॉन्स्टेबलच्या घरी गेलो. तो पाय बांधून पलंगावर पडला होता. माफी मागायची सवय नव्हती, तरी मागितली.

"पता तो हम सबको पहले हफ़्ते में ही चल गया था, जनाब," तो म्हणाला. "पर आपको बताता कौन?"

हे वाक्य मला ठपक्यापेक्षा जास्त लागलं. माझा हुकूम कोणी मोडत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! वर्षानुवर्षं ज्याला मी शिस्त समजलो ती निव्वळ भीती होती, आणि तिच्यापायी एक कर्ता माणूस अंथरुणाला खिळला होता. गुन्हेगारानं मला घाबरावं, हे ठीक. माझ्याच माणसांनी घाबरून माझ्यापासून खरं लपवावं, यात शिकण्यासारखं जे होतं ते मी फार उशिरा शिकलो.

हुकूम रद्द केला. पुढच्या सोमवारपासून सकाळच्या हजेरीत रोज विचारायला लागलो, "मेरा कोई हुक्म गलत पड़ रहा है क्या? बताओ, कार्रवाई नहीं होगी." आठ दिवस कोणी ब्र काढला नाही. सगळे माझ्या बुटांकडे बघत उभे राहायचे. नवव्या दिवशी मागच्या रांगेतून तोच कॉन्स्टेबल पुढे आला. त्यानं सलाम ठोकला.

"जनाब," तो म्हणाला, "एक और है."