तेरा नंबरचा पाना

माझा धाकटा भाऊ वैजनाथ. आमी वैजू म्हंतो. मी बिभीषण, त्याच्यापेक्षा दहा वर्सांनी मोठा. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, पन आमच्या वस्तीवर कुनाचं लगीन ठरायचं असू न्हाईतर कुनाचा बांध मोजायचा असू, मला इचारल्याबिगर पान हालत न्हाई. वैजूबद्दल लोक काय काय बोलत्यात. ते ऐकून ऐकून मी हे लिहायला बसलोय. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या कडंला आमची वस्ती हाय. तीन पिढ्या आमचं घर ऊस तोडायला जातंय. त्यातनं वैजू तेवढा सुटला, अन् सोडवला तो मी. मी कोयता धरला म्हनून त्याच्या हातात पाना आला. आयटीआय झाला, अन् आता सुप्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला हाय. तिथं साहेब लोक मशिनीपुढं कागद घेऊन उभं राहत्यात अन् वैजू दारातनंच आवाज ऐकून सांगतो, बेअरिंग गेलंय. हे मी मनानं सांगत न्हाई, त्याचा साहेब सोता मला म्हनला हाय.

दोन वर्सांखाली त्यानं पुन्याच्या एका मानसाकडनं जुनी मोटरसायकल आनली. लांबच्या पल्ल्याची गाडी, उंच, पुढं वारा अडवायला काच. असल्या गाडीवर लोक म्हनं लडाखला जात्यात. आली तवा तिचं काय खरं न्हवतं. धूर काढायची, चेन वाजायची, काच तडकलेली. वस्तीवरचे हसले. वैजूनं पत्र्याच्या शेडात गोनपाट आंथरलं अन् सुट्टीच्या दिवशी एकेक भाग खोलायला लागला. खोललेला नट जिथला तिथं कागदावर ठिवायचा अन् खाली पेन्सिलनं लिहायचा. चेन राकेलमधी बुडवून दात घासायच्या ब्रशनं घासायचा. जुनं ऑइल दोन बोटांत चोळून, वास घिऊन सांगायचा, ह्या गाडीला आदल्या मालकानं किती हाल दिलेत. काच नवी मिळंना तर फायबरचा तुकडा तापवून वाकवून बसवला. गोड्या तेलाच्या पंधरा किलोच्या दोन डब्यांच्या पेट्या केल्या, झाकनं लावली, रंग दिला, अन् मागं दोन्ही अंगाला बसवल्या. माझी बायको सविता म्हनायची, भावजींनी गाडीला बाळंतिनीवानी जपलंय. तालुक्यात असला दुसरा कारागीर कुनी दावावा.

पन गाडी लडाखला जायाची न्हवती. गाडी हुती आईसाठी.

आमची आई लंकाबाई. मी आठ वर्सांचा असताना विजापूरच्या अलीकडं एका कारखान्याच्या हद्दीत आमची टोळी हुती. तिथं फडातच आईला पोरगी झाली. अकरा दिस जगली. बारसं बी झालं न्हवतं. बापानं तिला एका बांधाला पुरली अन् दुसऱ्या दिशी आई ऊस तोडायला उभी राह्यली. पुढं टोळ्या बदलल्या, कारखाने बदलले, बाप गेला. त्या बांधाला आईचं परत जानं झालंच न्हाई. म्हातारपनी तिनं एवढं एकच काढलं, मला तिथं एकदा न्या.

आता तुमी म्हनाल जीप करायची हुती. बंद गाडी आईला लागायची. पाथर्डीतनं नगरला यष्टीत बसली तरी तिसगावच्या आत उलट्या. जलमभर ती टॅक्टरच्या ट्रॉलीत, उसाच्या मोळ्यांवर, उघड्या वाऱ्यात गेल्ती. अन् ती जागा तिला कागदावर सांगता येत न्हवती. वैजूनं लई खोदून इचारलं तवा एवढंच म्हनली,

"कारखान्याची चिमनी डाव्या हाताला ठिवायची. पाटाच्या तिसऱ्या मोरीवर उतरायचं. मग मी दावते."

तिचा खुबा गेलेला. पाय नीट दुमडत न्हवता. म्हनून वैजूनं मागची सीट खाली घेतली, पाय ठिवायला रुंद पट्टी केली, शॉकअप नरम केलं, अन् पाठीला टेकायला पाइप वाकवून पाठ केली. तिला गाडीजवळ उभं करून सुतळीनं कंबर, खांदं, गुडघं मोजलं. आई म्हनली, "मेल्या, तिरडीला घेत्यात तसं माप घेतोय." सगळे हसलो. वैजू सुतळीला गाठी मारत राह्यला.

दसऱ्याच्या दिशी निघायचं, हे मी ठरवलं. सीमोल्लंघनाचा दिस, यापरीस चांगला कुठला? वैजू म्हनत हुता दोन दिस मागं-पुढं करू, कारखान्याला चार दिस सुट्टी हाय. मी म्हनलं, दसराच.

आदल्या दिशी खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिशी हत्यारं धुऊन देवापुढं मांडत्यात, अन् एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा हुईपर्यंत त्याला कुनी हात लावत न्हाई. कोयता असू, इळा असू, बापानं कधी ही रीत मोडली न्हाई, मी बी न्हाई. वैजूनं सकाळी गाडी धुवायला पाठ काढून ठिवली हुती. तवर मी त्याचे सगळे पाने गोळा केले, घासले, कोयत्यांच्या शेजारी ओळीनं लावले अन् पूजा केली. झेंडूची फुलं वाहिली. लई झाक दिसत हुतं, मी फोटो बी काढला.

दुपारी वैजू आत आला. पाठ परत बसवली हुती, बोल्ट हातानं फिरवून घेतले हुते. म्हनला, "दादा, तेरा नंबरचा पाना दे. चारच बोल्ट आवळायचेत."

मी म्हनलं, "हळदकुंकू लागलंय. उद्या."

"दोन मिन्टाचं काम हाय."

"बापापुढं असं बोलला असतास का?"

आई चुलीपुढंच बसली हुती. तिनं दोघांकडं बघितलं अन् चुलीत लाकूड सारलं. वैजू मागं फिरला. मोठ्या भावाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला न्हाई.

दसऱ्याला सकाळपास्नं मी सगळी वस्ती बोलावली हुती. आपट्याची पानं वाटली. गाडीला झेंडूचा मोठा हार मीच घातला, पुढं एक अन् मागं पाठीला गुंडाळून एक. बोल्ट त्या हाराखाली गेले. मी लोकांना पेट्या उघडून दावल्या, काच दावली, पट्टी दावली, ह्यातलं एक बी काम बाहेर केलेलं न्हाई म्हनून सांगितलं. आई नवं लुगडं नेसून, डोक्यात हेल्मेट घालून बसली तवा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिला बी हसू आलं. तिचं असं हसनं मी लई वर्सांनी बघितलं.

वैजू म्हनला, थांब दादा, एकदा सगळं बघून घेतो.

मी म्हनलं, म्हैनाभर बघतोयस, आता काय बघायचं? नऊच्या आत शिव ओलांडा, मानसं खोळंबल्यात.

त्यानं माझ्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, अन् चावी फिरवली.

फोन आला तवा मी पंगतीत बसलो हुतो अन् त्याच्याच गाडीचं सांगत हुतो. मिरजगावच्या पुढं एका स्पीडब्रेकरवर गाडी उचलली अन् पाठ मागं निघून आली. आई पाठीवर भार टाकून बसली हुती. तशीच मागं गेली. डोक्याला हेल्मेट हुतं म्हनून डोकं वाचलं. खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात आपरेशन झालं, पन मग छातीत कफ धरला. वैजू तिच्या खाटंजवळनं हालला न्हाई. तापात ती त्यालाच इचारायची, मोरी आली का. वैजू म्हनायचा, येतीय आता. सोळाव्या दिशी ती गेली.

पोलिसांनी इचारलं तवा वैजूनं सरळ लिहून दिलं, बोल्ट आवळायचे माझ्याकडनं राह्यले. पान्याचं नाव काढलं न्हाई. खंडेनवमीचं बी न्हाई. माझं तर न्हाईच. मी बाजूला उभा हुतो. सोळा दिस त्या दवाखान्यात मी येनाऱ्या-जानाऱ्यापुढं रस्त्यांना अन् स्पीडब्रेकरला नावं ठिवत हुतो.

दहाव्याला नदीवर सगळे पावने जमले. आबासाहेब म्हनून आईचा चुलतभाऊ हाय, लई फाटक्या तोंडाचा. तो वैजूला ऐकू जाईल असं म्हनला, फटफटीच्या नादापायी आई घालवली ह्यानं, चाळीस वर्सं उसात मेली न्हाई ती ह्याच्या खेळन्यानं मेली. दोन-चार मुंड्या हालल्या. वैजू खाली मान घालून बसला हुता. डोकं भादरलेलं, अन् हात असे मांडीवर उलटे ठिवलेले, दुसऱ्याचे असल्यावानी.

माझ्या भावाला कुनी बोलावं अन् मी ऐकून घ्यावं, हे मला जमलं न्हाई. मी उठलो. म्हनलं, मामा, पाना त्यानं मागितला हुता, मी दिला न्हाई. पूजेतला हाय म्हनून दिला न्हाई. निघताना तो गाडी बघतो म्हनला, मी बघू दिली न्हाई. बोलायचं तर मला बोला.

मला वाटलं हुतं आता वैजूच्या डोक्यावरचं उतरंल. तर तोच म्हनला,

"दादा, गप बस. पाना तू दिला न्हाईस, खरं हाय. पन काम माझं हुतं. न बघता चावी मी फिरवली."

तो तसाच वल्ल्या धोतरानं घराकडं चालत गेला. आबासाहेब मामा मला म्हनला, तुमी दोघं भाऊ काय ते ठरवा. ते आजून ठरलं न्हाई.

आईची राख पैठणला सोडली, थोडी एका डब्यात ठिवली. वैजू कामावर जायाला लागला. सुप्याला तो पाना धरायचा, तिथं पगार मिळतो. घरी धरना. गाडी शेडात ताडपत्रीखाली. पाने तसेच देवापुढं, हळदकुंकू वाळून काळं झालेलं. सविताला उचल म्हनलं तर म्हनली, मी न्हाई हात लावायची, ज्यानं मांडलेत त्यानं उचलावेत. मी बी उचलले न्हाईत. तीन म्हैने दिवा त्यांच्यापुढंच लागत हुता.

माघात मी वैजूला म्हनलं, गाडी काढ. आता तिकडं ऊस तुटला असंल, रान मोकळं झालं असंल, बांध दिसत्याल. तो म्हनला, दावनारी गेली. मी म्हनलं, पुरताना मी तिथं हुतो. मला सगळं आठवतंय. मी दावतो.

तो उठला. मग आत गेला, देवापुढचे पाने उचलले अन् राकेलनं पुसायला बसला.

आठ दिस लागले. बॅटरी बसली हुती, चेनला गंज, टाकीत पानी. पाठ त्यानं नव्यानं बसवली, दोन-दोन वायसर टाकले, वरनं लॉकनट, अन् आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ वढली, नटावरनं खाली पाइपावर. नट जरा फिरला की रेघ तुटती, लगीच कळतं. मी त्याला एकदा बी घाई केली न्हाई. निघताना कुनाला बोलावलं न्हाई.

मी आईच्या जागंवर बसलो. मी मोठ्या अंगाचा, माप आईचं, पाइप दोन्ही बगलांत रुतत हुता. तो वाटंत सहा डाव थांबला, चहाला न्हाई, खाली वाकून रेघा बघायला. मिरजगावच्या पुढं त्या स्पीडब्रेकरवर त्यानं गाडी एवढी हळू केली की मागचा टेंपो शिव्या देत गेला. मी पाइप गच्च धरला हुता.

दुसऱ्या दिशी सकाळी कारखाना लागला. चिमनी डाव्या हाताला ठिवली. पाट आता सिमेंटचा झालाय. मोऱ्या मोजल्या, तिसरीवर उतरलो. चारी अंगाला तुटलेला ऊस, पाचट जाळून काळी पडलेली रानं, अन् बांध. एकासारखा एक बांध, वीस असतील न्हाईतर तीस. मला बापाची पाठ आठवत हुती, त्याच्या हातातलं फडकं आठवत हुतं, अन् त्या बांधावरचा एक लिंब. लिंब कुठंच न्हवता.

वैजू डबा घिऊन माझ्या मागं उभा हुता. मी चालत गेलो. एका बांधावर थांबलो, तिथं जरा उंचवटा हुता म्हनून.

"हितंच का, दादा?"

"हितंच."

"नक्की?"

"मी सांगतोय न्हवं."

त्यानं गुडघे टेकले, बोटांनी माती उकरली, राख घातली, वरनं माती सारखी केली. दोनदा तळव्यानं दाबली. मग जरा येळ तिथंच बसून राह्यला, अन् मी बी बसलो. वाऱ्यानं पाचटाची राख उडत हुती, आमच्या दोघांच्या कपड्यांवर बसत हुती.

येताना त्यानं काय इचारलं न्हाई. दोनशे किलोमीटर मी त्याच्या पाठीकडं बघत बसलो हुतो. करमाळ्याला थांबलो तवा तो खाली वाकला, सगळ्या रेघा बघितल्या, चावी फिरवली, अन् म्हनला, बस.