सरपंच मावशीचं नाव

दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, मुलगी झाली तर नाव ठरलेलं आहे. त्याने नाव ऐकलं आणि हसला. असं जुनं नाव आता कोणी ठेवत नाही, शाळेत पोरं चिडवतील, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चिडवू देत.

नाव माझ्या माहेरच्या सरपंच मावशीचं. तिचं सरपंचपद जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावात तिला अजून सगळे तेच म्हणतात. मी सातवीत होते तेव्हा आर्वीची एसटी फाट्यावरच थांबायची. पुढे गावापर्यंत चिखल, आणि गाडी वळवायला जागा नाही. त्यामुळे सातवी झाली की मुली घरी बसायच्या. मावशीने घराघरांतून बायकांना बाहेर काढलं. आठवडाभर आम्ही घमेल्यांनी मुरूम टाकला, देवळापुढची जागा सपाट केली. मग ती डेपोत जाऊन गाडीची मागणी करून आली. एसटी पहिल्यांदा देवळापुढे वळली तेव्हा मी आईचा हात सोडून गाडीमागे धावत सुटले होते. त्याच गाडीने मी बारावीपर्यंत शिकले, पुढे नर्स झाले.

आणि मुलगीच झाली! बारसं माहेरी ठरलं. मला दम निघेना. दोन दिवस आधीच बाळाला दुपट्यात गुंडाळून मी मावशीचं घर गाठलं. ती अंगणात तूर पाखडत होती. मी बेत सांगितला तसं तिने सूप खाली ठेवलं.

"माह्यं नाव काऊन देऊन राह्यली पोरीले? मले सोताले नाई आवडत ते."

मग हळूहळू बोलू लागली. लग्न झाल्यापासून ती कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई. सरपंच झाल्यावर सही शिकली, तेव्हा स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं. "लिवलं बप्पा, पन त्या नावानं हाक कोनी मारलीच नाई मले," ती म्हणाली, आणि बाळासाठी हात पुढे केले. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

खरी अडचण नणंदेची होती. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ती हिंगणघाटहून फोनवर शोधलेलं दोन अक्षरी नाव घेऊन आली होती. बारशाच्या सकाळी मी तिला एसटीची सगळी गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि पाळण्याला फुलं बांधायला गेली.

दुपारी ती पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात कुर्र करून ती सरळ झाली आणि मोठ्याने नाव घेतलं. मावशीचंच!

बायकांनी एकच गलका केला. नवरा दारातून माझ्याकडे बघून हसत होता. मी गर्दीत मावशीला शोधलं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावरचा पदर घसरलेला. गलका थांबल्यावर ती माझ्या नणंदेला म्हणाली, "बाई, अजून एकडाव म्हन."

नणंद पुन्हा पाळण्यावर वाकली. या वेळी आम्ही सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.